एका वाजंत्र्याच्या घराची हकीगत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या मासिक सभेंत झालेलें भाषण)

गेल्या महिन्यांत आपल्या मंडळाच्या खोलींत पांढरा कपडा बांधून एक जर्मन चित्रपट दाखविला, तो आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिला. कांहीं मंडळी अर्ध्यावरच उठून गेली. दुसऱ्या दिवशीं वाटेंत एकानें मला गांठलें आणि म्हटलें, "मास्तर, हें काय दाखविलेंत? ना मारामारी, ना प्रेम, ना एखादें रडें. केसांचा टोप घातलेला एक माणूस पाठमोरा बसून वाजवितो काय, आणि एक बाई वाण्याची यादी वाचावी तशी बोलते काय!" त्यांचा राग मला समजला; कारण पहिल्या वेळीं मीहि असाच चिडलों होतों. पण तो चित्रपट मीं पुन्हां पाहिला, आणि मला वाटलें, कीं हा तर आपल्याच घरांविषयीं बोलतो आहे. असें मी कां म्हणतों तें आज सांगणार आहे. पटलें तर घ्या; न पटलें तर सभा संपल्यावर मला धरा.

चित्रपटाचें नांव मराठींत सांगावयाचें तर 'आना माग्दालेना बाख हिची बखर.' तो १९६८ सालचा. काढणारें एक नवराबायकोचें जोडपें : जां-मारी स्त्रोब आणि दानिएल उइये. दोघेंहि फ्रान्सचीं. अल्जीरियांतल्या लढाईसाठीं फौजेंत जाण्यास स्त्रोब यांनीं नकार दिला आणि १९५८ सालीं ते देश सोडून जर्मनींत गेले. हा चित्रपट काढण्याचें त्यांच्या मनांत १९५४ च्या सुमारास आलें. पण पैसा उभा राहून काम सुरू होण्यास १९६७ साल उजाडलें. उइयेबाई २००६ सालीं वारल्या, स्त्रोब २०२२ सालीं. चित्रपट ज्यांच्यावर आहे ते योहान सेबास्टियन बाख १६८५ सालीं जर्मनींतल्या आइझेनाख गांवीं जन्मले आणि १७५० सालीं लाइपझिग शहरांत वारले. युरोपच्या संगीतांत त्यांच्याएवढें मोठें नांव क्वचितच सांपडेल. माग्दालेनाबाई या त्यांच्या दुसऱ्या पत्नी.

आतां, आपल्याकडे गवयाचा चित्रपट म्हटला कीं काय असतें तें आपण जाणतां. १९४३ च्या 'तानसेन'मध्यें गाण्यानें दिवे पेटतात. १९५२ च्या 'बैजू बावरा'मध्यें गाण्यानें दगड पाझरतो. ते चित्रपट मलाहि आवडतात; त्यांतलीं गाणीं मी अजून गुणगुणतों. पण ते पाहून घरीं येतांना मनांत काय उरतें? हेंच, कीं गाणें ही कांहीं चमत्काराची गोष्ट आहे, आपल्यासारख्यांच्या हातचें तें काम नव्हे. गवयाला घरभाडें द्यावें लागतें, पोरांना अंगरखे शिवावे लागतात, मालकापुढें पगारासाठीं उभें राहावें लागतें, हें त्या पडद्यावर फारसें दिसत नाहीं.

या जर्मन चित्रपटांत एकहि दिवा पेटत नाहीं. तो सुरू होतो तोच एक माणूस पाठ करून बसला आहे आणि हार्पसिकॉर्ड नांवाची तारांची पेटी वाजवितो आहे. आपल्या बाजाच्या पेटींत वारा असतो. हिच्यांत पट्टी दाबली कीं आंतली तार छेडली जाते. बराच वेळ तो एकटाच वाजवितो. मग चित्र हळूहळू मागें सरकतें आणि आजूबाजूला बसलेले बाकीचे वादक दिसूं लागतात. इतकेंच. तो माणूस म्हणजे बाख. आणि बाखांचें सोंग घेणारे गुस्ताव लेओनहार्ट हे नट नव्हते. ते हॉलंडांतले हार्पसिकॉर्ड वाजविणारे होते. राजाच्या पोशाखांत जे दिसतात ते निकोलाउस हार्नोनकूर, तेहि वादकच. आपल्या बोलपटांत गाणें आधीं कोंडलेल्या खोलींत भरून घेतात आणि नट पुढें नुसते ओठ हालवितो. येथें तसें नाहीं. जो वाजवितांना दिसतो तोच त्याच क्षणीं वाजवितो आहे; आणि बाखांच्या काळच्या धाटणीच्या वाद्यांवर वाजवितो आहे. चित्र एका जागीं खिळलेलें असतें, आणि बहुधा एक चीज वा तिचा मोठा भाग मध्यें न तोडतां ऐकवितात. चूक झाली तर झांकतां येत नाहीं. पुन्हां पहिल्यापासून करावें लागतें.

आपल्यांतले एक सुतारदादा त्या रात्रीं शेवटपर्यंत बसून होते. मीं त्यांना विचारलें, "काय पाहिलेंत?" ते म्हणाले, "हात पाहिले. खोटा हात चटकन् कळतो. हा खरा होता." मला वाटतें, चित्रपट काढणारांना याहून मोठी पावती मिळाली नसती.

आतां बाखांच्या घराविषयीं सांगतों. चित्रपटांत आहे तें आणि जुन्या कागदपत्रांत आहे तें, दोन्ही मिळून सांगतों, म्हणजे गोष्ट नीट लागेल.

बाखांनीं १७३५ सालीं स्वतःच आपल्या घराण्याची वंशावळ लिहून काढली. तिची सुरवात राजापासून नाहीं कीं ऋषीपासून नाहीं. तिची सुरवात एका भटारखानेवाल्यापासून आहे. फाइट बाख हा पांव भाजणारा माणूस. धर्माच्या छळामुळें तो हंगेरींतून निघाला आणि जर्मनींतल्या थ्युरिंगिया प्रांतांत येऊन राहिला. त्याच्याजवळ एक लहानसें तारांचें वाद्य होतें. दळण दळावयास गिरणींत जातांना तो तें बरोबर नेई आणि जातें फिरत असतां वाजवीत बसे. त्या जात्याच्या घरघरीवर त्याला ताल धरण्याची संवय लागली असेल, आणि आमच्या घराण्यांत संगीत आलें तें तेथून, असें त्याच्या पणत्याच्या मुलानें लिहून ठेवलें आहे. भगिनींनो, जात्यावर बसून ओवी कोणीं म्हटली नाहीं? तुमच्या आयांनीं, आज्यांनीं म्हटली. मग संगीत आपल्या घरचें नव्हे, असें आपल्याला कोणीं शिकविलें?

पुढें त्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या वाजंत्री झाले. गांवच्या पगारी वाजंत्र्यांनीं ठरल्या वेळीं मनोऱ्यावरून वाजवावें, लग्नांत वाजवावें, चर्चांत वाजवावें, असा तिकडे प्रघात होता; आपल्याकडचा नगारखाना आणि गांवचा गुरव यांचें काम एकत्र केलें तर जें होईल तें. एरफुर्ट शहरांत तर गांवच्या वाजंत्र्यांना 'बाख' असेंच म्हणत, मग ते त्या घरचे असोत वा नसोत. योहान सेबास्टियन यांचे वडीलहि आइझेनाखचे असेच वाजंत्री होते. पण मुलगा नऊ वर्षांचा असतां आई गेली आणि दहाव्या वर्षाच्या आगेमागें बापहि गेला. पोरका पोर थोरल्या भावाकडे ओर्ड्रुफ गांवीं राहूं लागला.

त्या भावाच्या घरची एक गोष्ट बाखांच्या मुलानें बापाच्या मृत्युलेखांत सांगितली आहे. थोरल्याजवळ नामांकित उस्तादांच्या चिजांची एक वही होती. धाकट्यानें ती मागितली. थोरल्यानें दिली नाहीं. ती जाळीच्या कपाटांत कुलूप लावून ठेवली. पोराचे हात लहान. त्यानें जाळींतून हात घालून वही गुंडाळून बाहेर ओढली आणि रात्रीं, सर्व निजल्यावर, चांदण्याच्या उजेडांत ती उतरवून घेऊं लागला. कारण दिवा त्याला मिळत नसे. सहा महिने असें चाललें. नक्कल पुरी झाली, आणि भावाला सुगावा लागतांच त्यानें ती काढून घेतली.

आपल्या घरांतून ज्यांनीं पहिली पाटी धरली त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. विद्या कपाटांत आहे, किल्ली दुसऱ्याजवळ आहे, आणि दिवा नाहीं. मात्र एक गोष्ट लक्षांत ठेवा. त्याच भावानें त्याला पेटीवर बोटें ठेवावयास शिकविलें आणि पांच वर्षें खाऊं घातलें. माणूस एका हातानें देतो आणि दुसऱ्या हातानें कुलूप लावतो, असेंहि असतें.

पुढें नोकऱ्या सुरू झाल्या. १७०५ सालीं, वीस वर्षांचे असतां, चर्चांतला मोठा ऑर्गन वाजविण्याचें काम अर्नश्टाट गांवीं करीत असत. तेव्हां ब्युक्सटेहुडे या म्हाताऱ्या उस्तादाचें वाजविणें ऐकण्यासाठीं ते ल्यूबेक शहरीं चारशें किलोमीटरांवर पायीं गेले. रजा चार आठवड्यांची होती. परत आले ते सुमारें चार महिन्यांनीं. मालकांनीं जाब विचारला. पुढें १७१७ सालीं वाइमारच्या ड्यूकाची नोकरी सोडून क्योथेनच्या राजाकडे जाण्याचें ठरलें, तेव्हां सोडचिठ्ठीसाठीं हट्ट धरल्याबद्दल ड्यूकानें त्यांना ६ नोव्हेंबर ते २ डिसेंबरपर्यंत अटकेंत ठेवलें. नोकर मालकाची इतराजी पत्करून काम सोडूं पाहतो, हाच अपराध. सावकाराचें कर्ज अंगावर ठेवून वर्षानुवर्षें सालदारकी केलेल्या घरांतलीं माणसें येथें बसलीं आहेत. त्यांनीं या चार आठवड्यांचा अर्थ मनाशीं लावावा.

क्योथेनला राजा संगीताचा षोकी होता आणि दिवस बरे गेले. पण १७२० च्या उन्हाळ्यांत बाख राजाबरोबर परगांवीं गेले असतां मागें त्यांची पहिली बायको वारली. ते घरीं परतले तों तिला मूठमातीहि देऊन झाली होती. घरांत चार मुलें. पुढच्या वर्षीं, ३ डिसेंबर १७२१ रोजीं, त्यांनीं आना माग्दालेना यांच्याशीं लग्न केलें. त्यांचे वडील दरबारचे तुतारी वाजविणारे. त्या स्वतः क्योथेनच्या दरबारांत पगारी गायिका होत्या. वय वीस. बाखांचें छत्तीस. चार सावत्र मुलांची आई होऊन त्या त्या घरांत आल्या.

चित्रपट येथूनच सुरू होतो, आणि सगळी हकीगत त्यांच्या तोंडून येते. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माग्दालेनाबाईंनीं रोजनिशी लिहिली नाहीं. निदान एकहि उरलेली नाहीं. १९२५ सालीं इंग्लंडांत त्यांच्या नांवानें एक आठवणींचें पुस्तक निघालें व तें फार खपलें; पण तें कल्पित आहे. चित्रपट काढणारांनीं तो सोपा रस्ता घेतला नाहीं. त्यांनीं मुलानें लिहिलेला मृत्युलेख, बाखांचे अर्ज, पत्रें व सरकारी कागद घेतले आणि तो मजकूर बाईंच्या तोंडीं घातला. म्हणून बोलणें यादीसारखें वाटतें. अमुक सालीं अमुक नोकरी. अमुक सालीं अमुक मूल जन्मलें. अमुक मूल वारलें. पुढें अमुक चीज बसविली. आवाज कोठें दाटून येत नाहीं.

पहिल्या वेळीं मला तें कोरडें वाटलें. मग माझी आई आठवली. आमचें घर मागावरचें. आईचीं दोन मुलें माझ्या आधीं गेलीं. त्याविषयीं ती कधीं बोललीच तर अशीच बोले : "त्या सालीं थोरला गेला, त्याच सालीं माग बदलला." तिच्या आवाजांत कांहीं दाटून येत नसे. ती रडली नसेल असें कोण म्हणेल? पण दुसऱ्या दिवशीं कांड्या भरावयाच्याच होत्या. माग्दालेनाबाईंना तेरा मुलें झालीं. त्यांपैकीं सात लहानपणींच वारलीं. त्या सात मरणांना चित्रपट एकेक वाक्य देतो आणि लगेच पुढचें काम सुरू होतें. खोटें रडें दाखविण्यापेक्षां हें मला अधिक खरें वाटलें.

१७२३ सालीं कुटुंब लाइपझिगला आलें. तेथल्या सेंट थॉमस शाळेच्या संगीतशिक्षकाची जागा. ही निवड कशी झाली तीहि ऐका. शहरच्या पंचमंडळींना पाहिजे होते दुसरेच, टेलेमान; ते आले नाहींत. मग ग्राउप्नर, त्यांना त्यांच्या मालकानें सोडलें नाहीं. तेव्हां एका पंचानें म्हणून घेतलें, कीं उत्तम मिळत नाहींत तर मध्यम प्रतीचा घ्यावा लागेल! त्या पंचाचें नांव आज फक्त या एका वाक्यासाठीं लोक घेतात. नोकरीच्या अटी अशा, कीं मुलांना शिकवावें, चर्चांचें संगीत पाहावें, संगीत नाटकासारखें करूं नये, आणि नगराध्यक्षाच्या परवानगीवांचून गांव सोडूं नये. लॅटिन शिकविण्याचेंहि काम गळ्यांत होतें. तें बाखांनीं पदरचे पैसे देऊन दुसऱ्या शिक्षकाकडून करविलें.

पगाराचा हिशेब तर ऐकण्यासारखा आहे. बांधलेला पगार सुमारें शंभर थालर. थालर म्हणजे त्या मुलखांतलें रुप्याचें नाणें. बाकीची मिळकत लग्नांवर आणि मयतांवर. शाळेचीं गरीब मुलें मयतापुढें गात जात, त्याचा वांटा शिक्षकाला मिळे. १७३० सालीं एका जुन्या मित्राला बाखांनीं पत्र लिहिलें. त्यांत ते सांगतात, कीं सर्व मिळून वर्षाला सातशें थालरांच्या आसपास पडतात. मयतें जास्त झालीं तर मिळकत वाढते, पण हवा निरोगी असली तर घटते. गेल्या वर्षीं हवा चांगली होती म्हणून शंभरांवर थालर बुडाले. हें त्यांनीं थट्टेनें लिहिलें कीं रागानें, कोण जाणे. पण अशी नोकरी कसली, कीं शेजाऱ्याची प्रकृति बरी राहिली तर आपल्या पोरांच्या ताटांत कमी पडावें? आणि ज्या जगांत असें आहे, तेथें दोष वाजंत्र्याचा कीं मिळकत ठरविणाऱ्याचा?

त्याच सालीं पंचांनीं दप्तरांत नोंद केली, कीं हा शिक्षक कांहींच काम करीत नाहीं. आतां काम किती होतें पाहा. लाइपझिगला आल्यावर पहिलीं कांहीं वर्षें जवळजवळ दर रविवारीं नवी मोठी चीज उभी केली. रचावयाची, मग प्रत्येक गाणाऱ्यावाजविणाऱ्याचा कागद वेगळा उतरवावयाचा, तालीम घ्यावयाची आणि रविवारीं सकाळीं चर्चांत सादर करावयाची. सोमवारपासून पुन्हां पहिलें पान. छापखान्याची सोय नव्हती, सर्व हातानें. घरांतलीं मोठीं मुलें, शागीर्द आणि माग्दालेनाबाई, सर्व शाई घेऊन बसत. आपल्याकडे बाजाराच्या आदल्या रात्रीं विणकराच्या घरीं जें चालतें तेंच तें. अशा दोनशेंच्या वर चिजा आज शिल्लक आहेत. "कांहींच काम करीत नाहीं" म्हणणाऱ्या पंचांचें त्या सालचें काय शिल्लक आहे, तें मला ठाऊक नाहीं.

बाखांनीं गप्प बसून घेतलें नाहीं. २३ ऑगस्ट १७३० रोजीं त्यांनीं पंचांना लेखी निवेदन दिलें. शाळेंतल्या मुलांची मोजदाद केली : सतरा उपयोगाचीं, वीस अजून तयार व्हावयाचीं, सतरा अगदीं निरुपयोगी. वाजविणारे किती पाहिजेत, आहेत किती, हें आंकड्यांनीं मांडलें. आणि वर लिहिलें, कीं ज्या वादकाला भाकरीची काळजी आहे त्याच्याकडून उत्तम कामाची अपेक्षा कशी करतां. ड्रेस्डेनला राजा वादकांना पगार देतो, त्यांना काळजी नाहीं, आणि एकेकाला एकच वाद्य सांभाळावयाचें असतें, तेथें जाऊन पाहा काम कसें होतें. मंडळी, हें गाऱ्हाणें नव्हे. कारागिरानें आपल्या कामाचा हिशेब मांडून मालकाला दिलेला हा ताळेबंद आहे.

पुढें १७३६ सालीं शाळेच्या हेडमास्तरांशीं भांडण जुंपलें. एर्नेस्टी हे विद्वान गृहस्थ, वय एकोणतीस. बाख एक्कावन्न वर्षांचे. मुलांचा मुकादम कोणी नेमावयाचा यावर वाद. हेडमास्तरांनीं नेमलेला मुलगा नालायक म्हणून बाखांनीं त्याला गाण्याच्या माडीवरून हांकलून दिलें. हेडमास्तरांनीं मुलांना तंबी दिली, कीं बाखांचें ऐकाल तर शाळेंतून काढून टाकूं. चित्रपटांत हा प्रसंग आहे, आणि तेवढ्यापुरता बाखांचा आवाज चढलेला ऐकूं येतो. एखादें पोर वाद्याची मेहनत करतांना दिसलें तर हेडमास्तर विचारीत, कीं तुलाहि दारूच्या गुत्त्यांत सारंगी वाजवावयाची आहे काय; असें त्या शहरच्या शाळांचा इतिहास लिहिणाऱ्यानें नोंदविलें आहे. पुस्तक धरणारा हात श्रेष्ठ आणि वाद्य धरणारा हात नीच, हा तो रोग. तो जर्मनींतहि होता, आणि आपल्याकडे तर तो जन्माला चिकटवून ठेवला होता. बाखांनीं पंचांकडे अर्ज केला, धर्मखात्याकडे केला, शेवटीं राजाकडे केला. वाद दोन वर्षें रेंगाळला.

भांडण असें चालू असतां चित्रपटांत काय दिसतें? अर्ज वाचून होतो, आणि लगेच गाणें सुरू होतें. दोन मोठे मेळे समोरासमोर उभे राहतात, वाद्यें लागतात, आणि असें कांहीं ऐकूं येतें कीं माणसाला आपण बसलों आहों कोठें याचा विसर पडावा. मग पुन्हां अर्ज. मला वाटतें, चित्रपटाचें सारें म्हणणें या मांडणींत आहे. हें गाणें अशा पगारांतून, अशा भांडणांतून, अशा बाळंतपणांतून आणि मरणांतून निघालें. वरून पडलें नाहीं.

आतां माग्दालेनाबाईंविषयीं. क्योथेनला त्यांचा स्वतःचा पगार होता. लाइपझिगला आल्यावर तो गेला, कारण तेथें चर्चांत बायकांनीं गाणें मना होतें. गळा होता, विद्या होती. पण दार बंद. मग त्यांनीं दुसरें काम केलें : चिजा उतरवून घेणें. त्यांचें अक्षर नवऱ्याच्या अक्षरासारखें होत गेलें, इतकें कीं पुढें विद्वानांना दोन्ही अक्षरें वेगळीं ओळखणें जड गेलें. चेलो नांवाच्या वाद्यासाठीं बाखांनीं रचलेल्या सहा मालिका आज जगभर वाजवितात. बाखांच्या हातची त्यांची प्रत हरवली आहे. माग्दालेनाबाईंची प्रत राहिली, म्हणून तें संगीत मुख्यतः त्यांच्या हातानें आपल्यापर्यंत आलें. घरांत राहणाऱ्या एका पुतण्याच्या पत्रांतून त्यांची आवडहि कळते : गाणारे पक्षी त्यांना फार प्रिय, आणि पिवळ्या फुलांचीं सहा रोपें कोणी पाठविलीं, तर लहान मुलानें सणाची भेट जपावी तशीं त्या तीं जपत. एवढ्या कामांत, एवढ्या मरणांत, बाई रोपांना पाणी घालीत होती.

शेवट थोडक्यांत सांगतों. १७४९ सालीं बाख आजारी होते पण जिवंत होते. तरी पंचांनीं त्यांच्या जागेसाठीं दुसऱ्या उमेदवाराची परीक्षा घेऊन ठेवली. १७५० सालीं एका इंग्रज वैद्यानें त्यांच्या डोळ्यांवर दोनदां शस्त्र चालविलें. डोळे गेले आणि प्रकृतिहि गेली. २८ जुलै १७५० रोजीं ते वारले. चित्रपट तेथें थांबतो. पण आपण थांबतां कामा नये. मृत्युपत्र नव्हतें. जें होतें त्याचा एक तृतीयांश विधवेला, बाकी नऊ मुलांत वांटला गेला. विधवेनें रिवाजाप्रमाणें सहा महिन्यांचा पगार मागितला. पंचांनीं तो दिला, पण कापून दिला. कारण सत्तावीस वर्षांपूर्वीं, १७२३ सालीं, नोकरीवर यावयाच्या आधींच्या दिवसांचे पैसे बाखांना जास्त गेले होते, असें दप्तर पाहून निघालें! १७५२ सालीं तिच्या गरिबीकडे पाहून नवऱ्याच्या चिजांच्या कांहीं प्रती घेऊन चाळीस थालर दिले. २७ फेब्रुवारी १७६० रोजीं ती वारली, तेव्हां सरकारी वहींत तिची नोंद भिक्षेवर जगणारी बाई अशी झाली.

बंधुभगिनींनो, यांतून आपण काय घ्यावें? मी उपदेश लांबविणार नाहीं. तीन गोष्टी सांगतों.

पहिली. बाख म्हणत, कीं मला उद्योग करावा लागला. जो तितकाच उद्योग करील तो तितकाच पुढें जाईल. त्यांच्या पहिल्या चरित्रकारानें हें नोंदविलें आहे. बाखांशीं मी येथें भांडतों. उद्योग खरा, त्याशिवाय कांहीं होत नाहीं. पण त्यांच्या घरांत वाद्यें होतीं, डोक्यावर शिकविणाऱ्या भावाचें छप्पर होतें, गरीब मुलांना घेणारी शाळा होती. आपल्याकडे चांदण्यांत नक्कल करणारीं पोरें पुष्कळ झालीं. पण त्यांच्या घरांत उतरवून घ्यावयास वहीच नव्हती. म्हणून पोराला "मेहनत कर" एवढें सांगून आपण मोकळे होऊं नये. वही आणि दिवा मिळवून देणें हें आपलें काम. गांवच्या वाचनालयांत तबला, पेटी, सनई शिकविण्याची सोय करा, आणि ज्याला येतें त्यानें कपाटाला कुलूप लावूं नये.

दुसरी. आपल्या घरच्या लग्नांत वाजंत्री येतात. त्यांच्याशीं सुपारी ठरवितांना आपण काय करतों? घासाघीस करतों, आणि जेवणाची पंगत शेवटची देतों. जे स्वतः हाताच्या कामावर जगतात, त्यांनीं तरी दुसऱ्याच्या हाताची किंमत पाडूं नये. आणि आपल्या कामाचा हिशेब बाखांसारखा कागदावर मांडा. तोंडी गाऱ्हाणें वाऱ्यावर जातें. त्यांचे अर्ज पावणेतीनशें वर्षांवर टिकले.

तिसरी गोष्ट सांगणें मला जड जातें. आमच्या घरचें कापड माझ्या वडिलांच्या नांवानें विकलें जाई. कांड्या आई भरीत असे. सूत तुटलें कीं गांठ तीच मारी. पण "हें कापड कोणाचें?" म्हणून कोणीं विचारलें तर आम्ही पोरें एका सुरांत वडिलांचें नांव सांगत असूं, आणि आई दारांत उभी राहून हंसत असे. ती आतां नाहीं. जर्मनीची ती बाई पडद्यावर यादी वाचीत होती, तेव्हां मला प्रथम वाटलें, कीं आमच्या आईची यादी कोणीं लिहून ठेवली नाहीं, मीहि ठेवली नाहीं. तुमच्यापैकीं ज्यांच्या आया अजून आहेत, त्यांनीं आज घरीं गेल्यावर त्यांच्याजवळ बसावें. कोणत्या सालीं काय झालें, कोणतें काम त्यांनीं केलें, एवढेंच विचारावें आणि वहींत उतरवावें. अलंकार नकोत. साल आणि काम पुरे आहे.

त्या चित्रपटाला कंटाळून जे उठून गेले त्यांच्यावर माझा राग नाहीं. पुढच्या महिन्यांत तो पुन्हां दाखविणार आहों. या वेळीं सुतारदादांच्या शेजारीं बसा आणि हात पाहा.